अंगणात पाणी तुंबतं, माती वाहून जाते? काळ्या मातीत या चुका टाळा

नागपुरात अंगण सखल झालं की पहिला उपाय ठरलेला: मुरमाची ट्रॉली बोलवा. आम्हीही तेच केलं. वरून अंगण कोरडं दिसायचं, पण श्रावणात मागच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल चढली. सब्बलीने खणून पाहिलं, तर हातभर खाली पाणी साचलेलं. मुरूम पाणी खाली सोडतो, पण त्याखालची काळी माती ते घेत नाही. परातीत वाळू भरून पाणी ओतावं तसं सगळं पाणी जोत्याला टेकून राहिलं होतं.

म्हणून आधी काळ्या मातीलाच उतार द्या. भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार असावा. माती धुम्मस करून घट्ट बसवा आणि मगच वर दोन-तीन इंच मुरूम पसरा. उतार डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाइप तासाभरासाठी मागून आणा.

दुसरी चूक महाग पडते: भिंतीलगत शोषखड्डा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भिजली की फुगते. पायाजवळ ती सतत भिजत राहिली तर भिंतीला तडे जातात. जूनची पहिली सर भेगांतून गटागट आत जाते, त्यावरून पाणी चांगलं मुरतंय असं समजू नका. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात अर्धा इंचही पाणी उतरलं नाही, तर तिथे शोषखड्डा चालणार नाही.

गच्चीचा पाइपही तसाच अंगणात सोडू नका. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 100 मिमी पाऊस झाला तर सुमारे 9,300 लिटर पाणी उतरतं. 22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री शहरात त्याहून जास्त पाऊस झाला होता. पाइपखाली दगडगोटे पसरा, तिथून उथळ, पसरट चर काढा आणि चरात हरळी लावा. चर सरळ उताराच्या दिशेने काढला की पाणी वेगाने माती खरवडतं. तो उताराला आडवा, अगदी हलक्या ढाळाने न्या. शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये मात्र सोडू नका.

काळ्या मातीत वाळू मिसळायचा सल्लाही सर्रास मिळतो. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट होते. त्यापेक्षा दरवर्षी शेणखत आणि पालापाचोळा घाला.

उघडी माती तर पावसात ठेवूच नका. मे महिन्यात खणून भुसभुशीत केलेला वाफा पहिल्या वादळी पावसात जातो. वर कुटार (भुसा) किंवा तणीस (भाताचा पेंढा) अंथरा. उताराच्या कडेला वाळा लावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. रोपं आडव्या ओळीत, 4 ते 6 इंचांवर, मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावा. ती धरेपर्यंत खालच्या बाजूला पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जुड्या खुंट्यांनी रोवा. याला मजुरीपलीकडे फारसा खर्च येत नाही.

सिमेंटचा रस्ता उंच झाल्यामुळे पाणी फाटकातून आत येत असेल, तर फाटकातच आडवी नाली आणि तिच्यावर जाळी हवी. अंगण भरत बसू नका.

हे सगळं झाल्यावर जोराच्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटं बाहेर उभे राहा. चरातून गढूळ पाणी जात असेल, तर ते कुठून येतंय ते मागे मागे जाऊन शोधा. माती तिथेच सुटते आहे.