स्वस्तातला नवा स्पर्धक आला तर जुन्या कंपनीने काय करायचं?
पहिलं म्हणजे सध्याचं गिऱ्हाईक काय म्हणतंय एवढंच बघत बसू नका, जे तुमचा माल घेतच नाहीत ते काय वापरतात ते बघा. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घरी निरमा ही कपडे धुण्याची पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, आणि हिंदुस्तान लिव्हरला बरीच वर्षं वाटत राहिलं की आपली महागडी पावडर सर्फ घेणारा वर्ग वेगळाच आहे, आपल्याला काय फरक पडतो. पडला ना, निरमा पुढे निघून गेली!

मग नुसता सर्फचा भाव पाडून भागणार नव्हतं, बनवायचा खर्चच जास्त. म्हणून ऐंशीच्या दशकात हिंदुस्तान लिव्हरने व्हील ही स्वस्त पावडर आणली आणि माझ्या मते खरी हुशारी इथेच आहे, नवा ब्रँड, स्वस्त फॉर्म्युला, बाहेरच्या छोट्या युनिट्सकडून उत्पादन, म्हणजे आधी गिऱ्हाइकाला परवडेल ती किंमत ठरवायची आणि मग खर्च त्यात बसवायचा.

टीम शक्यतो वेगळीच ठेवा, नाहीतर जुन्या ब्रँडवाले नफा घटेल म्हणून प्रत्येक मीटिंगमध्ये ब्रेक लावतात. आणि जुना ब्रँड घाबरून बंद करू नका हां, सर्फ एक्सेल आजही व्हीलपेक्षा महागच विकलं जातं.