ब्रिटिश मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी सबर्बन डब्यांची किट घेताय? या चुका टाळा

किटचा डबा फोटोत झकास दिसतो, ऑर्डर होते, दोन-तीन महिने खपून बांधला जातो, आणि रुळावर उभा केल्यावर कळतं की याच्या शेजारी लावायला दुसरा डबाच नाही. सबर्बन डब्यांच्या बाबतीत हे इतकं कॉमन आहे की काय सांगू. ब्रिटनमध्ये स्टीमच्या काळात लांब पल्ल्याच्या गाडीला वेगवेगळ्या वयाचे आणि वेगवेगळ्या डिझाइनचे डबे सर्रास एकत्र जोडलेले असायचे, तिथं एखादा डबा इकडचा तिकडचा खपून जातो. पण मोठ्या शहरांच्या सबर्बन गाड्या ठरलेल्या रेकमध्ये, म्हणजे कायम एकत्र जोडलेल्या डब्यांच्या संचात धावायच्या, सदर्न रेल्वे कंपनीत तर टोकाच्या ब्रेक डब्यावर (गार्डची जागा असलेल्या) सेटचा नंबरच ठळक रंगवलेला असायचा. त्यामुळे आधी लाइन, मग साल, मग रेक, आणि सगळ्यात शेवटी किट. बाकीच्या निम्म्या चुका हा क्रम उलटा केल्यानेच होतात.

एक उदाहरण जरा नीट घेऊया, लंडनच्या किंग्ज क्रॉसचं. एन२ वर्गाचं इंजिन बऱ्याच जणांकडे असतं, ते गोंडस ०-६-२ टँक (आकडे चाकांच्या मांडणीचे, टँक म्हणजे पाण्याची टाकी इंजिनावरच), १९२० सालचं डिझाइन. त्यातली जी इंजिनं भुयारातून मूरगेटपर्यंत जायची त्यांच्या धुराड्याची उंची कमी केलेली आणि वाफ परत टाकीत सोडायचे मोठे पाइप बाजूला लावलेले. आता या इंजिनामागे काय लावायचं? लोक डिझायनर ग्रेस्लीचे सुटे नॉन-कॉरिडॉर (आतून चालत जायला रस्ता नसलेले) डबे घेतात, चार-पाच, जे मिळतील ते. पण त्या लाइनची ओळख म्हणजे क्वाड-आर्ट. चार डबे, पण शेजारशेजारच्या दोन डब्यांची टोकं एकाच बोगीवर (इथं बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट) टेकलेली, म्हणजे चार डब्यांना आठऐवजी फक्त पाच बोग्या. वजन कमी, लांबी कमी, आणि असे दोन सेट जोडले की आठ डब्यांची गाडी. १९२४ साली बांधलेला ७४ नंबरचा सेट आजही नॉर्थ नॉरफोक रेल्वेवर जपून ठेवलाय, त्याचे फोटो बघितले तर डब्यांमधली फट किती कमी आहे ते लगेच लक्षात येतं. लिव्हरपूल स्ट्रीटच्या बाजूला याचाच पाच डब्यांचा भाऊ, क्विंट-आर्ट, पुढे एन७ इंजिन.

आता गंमत अशी की क्वाड-आर्टचं किट घेतलं तर ‘आधी एक डबा बांधून बघू, जमलं तर पुढचे’ हे चालतच नाही. टोकाच्या डब्यालाही एकाच बाजूला स्वतःची बोगी आणि दुसरं टोक शेजाऱ्याच्या भरवशावर, एकटा डबा रुळावर उभाच राहत नाही. चारही डब्यांची फ्लोअर आधी तयार करायची, मधल्या बोग्या ज्यावर फिरतात त्या खिळ्या एकाच उंचीवर आणायच्या, आणि नुसत्या उघड्या फ्लोअर लेआउटच्या सगळ्यात वाईट वळणावरून आणि पॉइंटवरून (रूळ बदलायच्या सांध्यावरून) फिरवून बघायच्या, मगच बाजू आणि छताला हात लावायचा. पहिलंच किट असेल तर माझं स्पष्ट मत, हा सेट घेऊ नका. साध्या दोन-दोन बोग्यांच्या डब्यांचा छोटा सेट घ्या, ब्रँच लाइन करा, हात बसला की मग किंग्ज क्रॉस.

बाकी कंपन्यांचं पटकन सांगतो. ग्रेट वेस्टर्न हवी आणि जागा कमी असेल तर बी-सेट, दोनच डबे, दोन्ही ब्रेक कॉम्पोझिट (गार्डची जागा आणि दोन क्लास एकाच डब्यात), डेव्हन-कॉर्नवॉलच्या ब्रँचवर शोभतो. पण तोच सेट पॅडिंग्टनच्या गर्दीच्या लोकलमध्ये ६१xx नंबरांच्या टँक इंजिनाच्या मागे एकटाच फिरवला तर जाणकार हसणार. एलएमएस (लंडन मिडलंड अँड स्कॉटिश) कंपनीसाठी तिथले इंजिनिअर स्टॅनियर यांच्या काळातले ५७ फुटी नॉन-कॉरिडॉर डबे सगळ्यात सोपा पर्याय, मागे-पुढे ब्रेक आणि मध्ये थर्ड क्लासचे किंवा कॉम्पोझिट डबे टाकले की रेक पटण्यासारखा होतो. सदर्नमध्ये मात्र सावध राहा, लंडनजवळचे बरेच जुने स्टीमचे सबर्बन डबे पुढे इलेक्ट्रिक गाड्यांत बदलले गेले, तेव्हा किटच्या बॉक्सवर कंपनीचं नाव बरोबर असलं तरी तुमच्या सालात तो डबा थर्ड रेलवर (करंट देणाऱ्या तिसऱ्या रुळावर) धावत होता की इंजिनामागे, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या ‘ड्रेडनॉट’ नावाच्या डब्यांना मात्र दोन्ही शोभतं, १९६१ पर्यंत बेकर स्ट्रीटहून इलेक्ट्रिक इंजिन आणि रिकमन्सवर्थला बदलून पुढे एल्सबरीपर्यंत स्टीम. इंजिन बदलायचा खेळ लेआउटवर करायला यापेक्षा भारी लाइन मला तरी माहीत नाही.

रंगाची चूक तर इतकी होते की वेगळं लिहायलाच हवं. ब्रिटिश रेल्वेचा सुरुवातीचा क्रिमसन आणि क्रीमचा दुरंगी पट्टा सगळ्यांना आवडतो, म्हणून तो सबर्बन डब्यालाही मारतात. तो कॉरिडॉरवाल्या डब्यांचा रंग होता. १९४९ नंतरच्या त्या काळात नॉन-कॉरिडॉर डबे सरसकट साध्या क्रिमसनमध्ये, क्रीम नाही, काही नाही. १९५६ पासून मरून आला आणि सदर्नकडे हिरवा. त्याच वर्षी ३ जूनला थर्ड क्लासचं नाव सेकंड क्लास झालं, म्हणजे मरून डब्याच्या दारावर ३ आकडा चिकटवायचा नाही. किटसोबत ट्रान्सफर शीट (डब्यावर चिकटवायची अक्षरं-आकडे) आलीच तर ती तुमच्या सालाची असेलच असं नाही. दुसरं म्हणजे एका रेकमध्ये एक डबा चकचकीत नवा, एक मळका असं चालतं, पण तीन वेगळ्या काळांचे तीन रंग एकत्र करायचे असतील तर त्या काळातला फोटो समोर ठेवूनच करा.

स्केलचं काय होतं, ओओ आणि एचओ ही दोन्ही मापाची मॉडेल १६.५ मिमीच्या रुळावर धावतात म्हणून लोक समजतात की डबा कुठलाही चालेल. ओओ म्हणजे फुटाला ४ मिमी, एचओ म्हणजे साडेतीन. ५७ फुटी डबा ओओत २२८ मिमी भरतो आणि एचओत जेमतेम २००, शेजारी ठेवले की दुसरा लहान भावाचे कपडे घातल्यासारखा दिसतो. त्याहून लहान एन स्केलमध्येही तेच, ब्रिटिश १:१४८ आणि युरोप-अमेरिकेत १:१६०. आणि लांबीचा विषय निघालाच आहे तर प्लॅटफॉर्म मोजून घ्या. ब्रिटिश रेल्वेच्या मार्क १ या स्टँडर्ड डिझाइनचे सबर्बन डबे ५७ फुटी आणि मेन लाइनचे ६४ फूट ६ इंच, ओओत एका डब्यामागे ३० मिमीचा फरक पडतो. चार सबर्बन डबे, मधल्या फटी आणि एक टँक इंजिन धरलं तर साधारण ११०० मिमीचा प्लॅटफॉर्म पाहिजे. तेवढी जागा नसेल तर तीन डब्यांचा सेट निवडा, अर्धा डबा बाहेर लटकणारी गाडी रोज बघवत नाही.

आता किटचा प्रकार. मुंबईची लोकल डोळ्यासमोर ठेवून विचार केला तर इथं फसायला होतं, कारण या डब्यांत आतून चालत जायला रस्ताच नाही, प्रत्येक कंपार्टमेंटला दोन्ही बाजूंना स्वतःचं दार. मार्क १ चा साधा सेकंड क्लासचा डबा घ्या, ९ कंपार्टमेंट, एकात १२ माणसं, एकूण १०८ सीट, आणि एका बाजूला ९ दारं. प्रत्येक दाराला एक हँडल, बाजूला एक पकडायचा दांडा, बिजागऱ्या वेगळ्या. म्हणजे फक्त हँडल आणि दांडे धरले तरी एका डब्याला ३६ तुकडे, चार डब्यांना १४४. पितळेच्या एच केलेल्या (रसायनाने कोरलेल्या) बाजू घेतल्या तर हे सगळं एकेक करून भोकात बसवायचं, शिवाय लांबून बघितल्यावर एक दांडा जरी वाकडा असला तरी सगळी रांग वाकडी दिसते. त्यामुळे पहिल्या रेकला हँडल साच्यातच ओतलेली आहेत असं प्लॅस्टिकचं किट घ्यायला अजिबात लाजू नका. कॉमेटसारख्या ब्रिटिश किट ब्रँडच्या पितळी बाजू तयार डब्याच्या सांगाड्यावर चढवणं हा मधला मार्ग, बोग्या, फ्लोअर आयतं मिळतं आणि मेहनत फक्त दिसणाऱ्या भागावर. मात्र ज्या डब्यावर चढवताय त्याची लांबी आणि छताचा गोलावा जुळतोय का ते आधी मोजा, नाहीतर छत वेगळ्या कंपनीचं आणि बाजू वेगळ्या कंपनीच्या असा प्राणी तयार होतो.

बॉक्सवरची किंमत बघून खूश होऊ नका. बहुतेक किटमध्ये चाकं, रंग आणि कपलिंग नसतं, काहींत बोग्याही नसतात, आणि नुसत्या ‘साइड्स’ लिहिलं असेल तर खरंच फक्त दोन बाजू येतात. चाकं घेताना ओओसाठी १४ मिमी व्यासाची, २६ मिमी टोकदार अ‍ॅक्सलवाली मेटलची घ्यायची. भारतात मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, आणि प्लॅस्टिकचा सॉल्व्हंट किंवा रंगाचे डबे त्याच पार्सलमध्ये टाकू नका, ज्वालाग्राही वस्तू हवाई टपालाने पाठवत नाहीत आणि त्यापायी अख्खी ऑर्डर अडकते. ते इथंच मिळवा.

बांधून झाल्यावर येणारे प्रॉब्लेम बहुतेक ठरलेलेच असतात. डबा पॉइंटवर उतरतो, तर आधी चाकांमधलं आतलं अंतर मोजा, ओओत साधारण १४.५ मिमी पाहिजे. ते बरोबर असेल तर बोग्या बघा, एक बोगी फक्त पुढे-मागे डुलली पाहिजे आणि दुसरी सगळीकडे, दोन्ही घट्ट असतील तर एक चाक हवेतच राहणार. वजन अ‍ॅक्सलमागे २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार अ‍ॅक्सलच्या डब्याला १०० ग्रॅम. वजनासाठी शिशाच्या गोळ्या टाकत असाल तर त्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाने अजिबात चिकटवू नका, शिसं त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होऊन फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी डब्याच्या बाजू फाकतात. इपॉक्सी वापरा. वळणावर डबा अडखळतोय आणि बोगी तर मोकळी आहे, तर बाजूने गेलेल्या लांब पायऱ्यांना चाक घासतंय का बघा, तयार रुळांच्या दुसऱ्या रेडियसच्या, म्हणजे ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर हे हमखास होतं.

प्लॅस्टिकचं छत काही आठवड्यांनी केळीसारखं वाकलं तर दोष बऱ्याचदा सॉल्व्हंटच्या वाफेचा असतो, ती आत कोंडून राहते, म्हणून फ्लोअरला दोन-तीन भोकं ठेवा. काचा धुरकट झाल्या तर दोष सुपरग्लूचा, काचांना पीव्हीए चालतं. पावसाळ्यात स्प्रे मारला आणि रंग पांढुरका पडला तर हवेतली ओल, ऊन पडेपर्यंत थांबा. आणि पूर्ण पितळी डबा, पितळी बोग्या असतील आणि रेक रुळावर ठेवताच शॉर्ट होत असेल तर चाकं काढून बघा. चाक एकाच बाजूने इन्सुलेटेड असलं आणि दोन बोग्यांमध्ये ती बाजू उलटसुलट बसवली गेली की करंट एका रुळातून बोगीत, तिथून डब्याच्या अंगातून दुसऱ्या रुळात जातो. सगळी अ‍ॅक्सल एकाच दिशेने फिरवून बसवा. तरी शॉर्ट जात नसेल तर दोन डब्यांमधलं मेटलचं कपलिंग तपासा, शेजारचा डबा उलटा वळवून जोडलेला असला की तोच खेळ दोन डब्यांत मिळून होतो, आणि तिथं प्लॅस्टिकचा दांडा टाकला की काम संपलं.