नशा करणाऱ्या दोस्ताची नोकरी वाचवायची तर काय काय करायचं

आमच्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एखादा पोट्टा सुई घेते किंवा पावडर ओढते असं कळलं की पहिले नोकरी जाते, मग घर, आणि पगार बंद झाला की नशा कमी होत नाही, वाढतेच. तीन जणांचं असं होताना पाहिलं, चौथ्याची नोकरी वाचली, म्हणून लिहून राहिलो.

पहिले त्यालाच विचारा. त्याची परवानगी नसेल तर एचआर, युनियन, त्याची बायको, कोणाशीच बोलायचं नाही. आणि गर्दुल्ला, चरसी हे शब्द आपल्या तोंडातून काढून टाका, आपणच असं बोललो तर साहेब काय ऐकणार? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणारा त्रास आजारातच धरला आहे, आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा पेशंटला हक्क आहे.

आता शिफ्टचं, कारण खरी लढाई इथंच असते. सुई घेणाऱ्यांसाठी सरकारी ओएसटी सेंटर असतात, म्हणजे नशेच्या सुईऐवजी डॉक्टरी औषध देणारे. १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन लावून जवळचं विचारा, नाहीतर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार ओपीडीत जा. ओएसटीत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. नर्स गोळीचा चुरा करून जिभेखाली टाकते आणि विरघळेस्तोवर तिच्यासमोरच तोंड मिटून बसावं लागते, पाच-दहा मिनिटं, तेही रोज. आता फर्स्ट शिफ्ट सातला लागते आणि सेंटर उघडते त्याच्या कितीतरी नंतर, मग पोरगा एक तर गोळी सोडते नाहीतर नोकरी. म्हणून सेकंड शिफ्ट मागायची. अर्जात एवढंच लिहा, "मला रोज सकाळी दवाखान्यात औषध घ्यायला जावं लागते, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, सेकंड शिफ्ट मिळावी." आजाराचं नाव नको, आणि "मी ड्रग्ज घेतो" असं तर कंपनीच्या कागदावर कधीच लिहून देऊ नका, कारण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्याला संरक्षण मिळू शकते, पण ते वकिलाला विचारून.

अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. माझ्या दोस्ताला सुपरवायझरनं तोंडीच हो म्हटलं होतं आणि आठ दिवसांनी गैरहजेरी लावून गेटवरूनच परत पाठवलं, हातात कागद नव्हता म्हणून दीड महिना गेला.

एक गोष्ट मात्र आपणच पहिले बोलायची. मान पडून राहिली, डोळे मिटून राहिले तर त्याला प्रेस मशीनवर उभं करू नका, पॅकिंगला टाका काही दिवस. बोटं त्याचीच जातील ना भाऊ.

लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे तो ड्युटीवर नशेत होता असं होत नाही, गांजा तर कित्येक दिवस, कधी काही आठवडेही दिसते. तेव्हा टेस्टवरून थेट काढून टाकायला निघाले तर चार्जशीट, म्हणजे कंपनीचा लेखी आरोप मागा, लेखी खुलासा द्या, चौकशीत सोबत कोणीतरी बसा. स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कारखान्याचे नोकरीचे लेखी नियम, लागू असेल तर सस्पेन्शनमध्ये पहिले ९० दिवस अर्धा पगार मिळते. ठेकेदाराच्या माणसाला हे सगळं कोणी देत नाही, मग १५१०० वर फोन करून विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कारखान्यातल्या कामगाराला तिथं वकील फुकट मिळते.

एचआयव्ही निघाला तर घाबरू नका. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करून काढता येत नाही, आणि १०० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमावाच लागते. संसर्ग टाळायला स्वच्छ सुया देणं हाही याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे गुन्हा नाही, कोणी "नशेला मदत करून राहिले" म्हणून ओरडलं तर हे कलम दाखवा.

आणि व्यसनमुक्ती सेंटरमध्ये राहून परत आलेल्या पोराकडे पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. शरीराची सवय तुटलेली असते, जुना डोस घेतला तर श्वासच थांबू शकते. नखं-ओठ निळे पडले, श्वास हळू झाला, हलवून उठत नसेल तर १०८ लावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडानं श्वास द्या, आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा म्हणजे नॅलॉक्सोन, म्हणजे अशा ओव्हरडोसवरचं उताऱ्याचं औषध, लगेच देता येते.