पिकलबॉलच्या पॅडलला वजनाची पट्टी: कुठे, किती आणि कशी लावावी

पिकलबॉलमध्ये चेंडू पॅडलच्या मधोमध बसला की कोणाचाही ब्लॉक (वेगवान चेंडू नुसतं पॅडल आडवं धरून परतवणं) नीट जातो. कडेला लागला की पॅडल मुठीत पिरगळतं आणि चेंडू एकतर नेटमध्ये जातो, नाहीतर वर उडून समोरच्याला आयता मिळतो. किचनच्या, म्हणजे नेटलगतच्या ज्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही त्याच्या रेषेवर उभं राहून वेगवान ड्राइव्ह, म्हणजे जोरदार सपाट फटके, झेलणाऱ्याला हे दुखणं चांगलं ठाऊक असतं. त्यावर माझा सर्वांत भरवशाचा आणि तुलनेने स्वस्त उपाय म्हणजे पॅडलच्या कडेला चिकटवायची वजनाची पट्टी, म्हणजे शिशाची किंवा टंगस्टनची टेप. केवळ या कारणासाठी महागडं नवं पॅडल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी ही पट्टी लावून बघायला सांगतो.

ही गरज पडते ती पॅडलच्या बांधणीमुळे. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तेव्हा पॅडलं प्लायवूडची होती. १९८४ मध्ये बोईंगमधले अभियंता आर्लेन परांटो यांनी विमानाच्या बांधणीत वापरतात तसल्या षटकोनी कप्प्यांच्या जाळीच्या पत्र्यांपासून पॅडल बनवलं आणि वजन एकदम उतरलं. आजची बहुतेक पॅडलं प्लास्टिकच्या तशाच जाळीवर बांधलेली असतात आणि २१० ते २४० ग्रॅमच्या आसपास भरतात. हलकं पॅडल हाताला सुखाचं वाटतं, पण पिरगळणं रोखायला कडांना पुरेसं वजन उरत नाही. त्यातही लांबट पॅडलं जास्त पिरगळतात. लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे लांबी १६ वरून साडेसोळा इंच केली की रुंदी ८ वरून साडेसातवर येते. तुमचं पॅडल लांबट असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

सामान

अर्धा इंच रुंद वजनाची टेप, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा, कात्री, सर्जिकल स्पिरिट, कापूस, काळी इन्सुलेशन टेप आणि शेवटी वरून लावायची संरक्षक एज टेप. स्वयंपाकघरातला काटा बहुधा पूर्ण ग्रॅमच दाखवतो. इथे तो कामाचा नाही.

शिसं की टंगस्टन? मी टंगस्टनच्या बाजूचा आहे. महाग पडतं, पण शिसं विषारी असतं आणि पट्टीला वारंवार हात लागतो. शिशाचीच घेतलीत तर ती दाताने तोडू नका, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि उरलेला गुंडाळा लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. घरात रांगतं मूल असेल तर शिसं आणूच नका.

पट्टी लावणं नियमात बसतं. यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमांत पॅडलच्या वजनाला मर्यादा नाही आणि टेप लावायला परवानगी आहे. ती पॅडलच्या स्वतःच्या कडेच्या संरक्षक पट्टीपासून आतल्या बाजूला अर्ध्या इंचापेक्षा जास्त येता कामा नये, एवढं सांभाळा.

जागा आणि वजन ठरवणं

सगळा वेळ आणि डोकं इथे घालायचं. चिकटवणं पाच मिनिटांचं काम आहे. जागा चुकली तर मात्र आहे ते पॅडलही हातातून जातं. मलाही हाच टप्पा बराच काळ नीट साधत नव्हता, कारण जो तो वेगळं सांगतो आणि का ते कोणीच सांगत नाही.

पॅडल मूठ खाली करून समोर धरा आणि त्यावर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. टोक म्हणजे १२, उजवी कड ३, डावी कड ९. सर्रास मिळणारा सल्ला असा: "१२ वर लावा, फटक्यात जोर येतो." जोर येतो, खरं आहे. पण आपला रोग पिरगळण्याचा आहे आणि त्यावर टोकाच्या वजनाचा काडीचाही उपयोग नाही. पॅडल पिरगळतं ते मुठीपासून टोकापर्यंत जाणाऱ्या मधल्या रेषेभोवती. १२ वरचं वजन नेमकं त्या रेषेवरच बसतं, मग ते फिरणं अडवणार कसं? अडवतं ते रेषेपासून दूर असलेलं वजन, म्हणजे ३ आणि ९ वरचं. डोंबारी दोरीवरून चालताना आडवी लांब काठी धरतो, त्यातलंच हे तत्त्व. वजन जितकं बाजूला, तितकं वळणं जड. शिवाय हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून दोन्ही कडांवर ३-३ ग्रॅम लावले तर पॅडलचं वजन जेमतेम तीन टक्के वाढतं, पण पिरगळण्याला होणारा विरोध आठ-दहा टक्क्यांच्या घरात वाढू शकतो.

टोकावरच्या वजनाची किंमत मनगट आणि कोपर भरतात. पॅडल फिरवताना जाणवणारा जडपणाही मुठीपासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. तेच ६ ग्रॅम ३ आणि ९ वर न लावता टोकावर लावले तर त्यांच्यामुळे वाढणारा जडपणा साधारण अडीचपट होतो. किचनवर समोरासमोर चेंडूंची झटापट चालू असताना पॅडल क्षणभर उशिरा पोचतं आणि गुण गेलेला असतो. ज्यांचं कोपर आधीच कुरकुरतं त्यांना मी स्पष्ट सांगतो: १२ वर एक ग्रॅमही लावू नका. दुखणं वाढलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांनी पट्टी काढली ती महिनाभर खेळ बंद पडल्यावर.

आपल्याकडे बॅडमिंटनमधून आलेले खेळाडू पुष्कळ आहेत. त्यांचा हात ८०-९० ग्रॅमच्या रॅकेटवर तयार झालेला असतो आणि खेळ मनगटाचा असतो. त्यांनी ३ आणि ९ पेक्षाही खाली, ४ आणि ८ च्या जागी लावावं. पिरगळणं थोडं कमी अडतं, पण मनगटाची चपळाई टिकते. टेनिसवाल्यांचा हात ३०० ग्रॅमच्या रॅकेटला सरावलेला असतो, त्यांना ३ आणि ९ वर जास्त वजन सहज पेलतं. व्यावसायिक खेळाडूच्या पॅडलवर व्हिडिओत दिसलेली पट्टी जशीच्या तशी आपल्या पॅडलवर उतरवायची, हा प्रकार कृपा करून करू नका. तो रोज तासन्‌तास सराव करतो. त्याचा दंड आणि तुमचा दंड एक नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. सुरुवात दोन्ही कडांना २-२ ग्रॅमने करा. तुकडे कापून काट्यावर जोखा, दोन्हींत फरक पाव ग्रॅमपेक्षा जास्त नको. मागचा कागद काढू नका. तुकडा कागदासकट कडेवर ठेवा आणि वरून इन्सुलेशन टेपने घट्ट बांधा. आधीच चिकटवलेली पट्टी दर वेळी उपटून सरकवली की डिंक मरतो, तुकडा वाकतो, आणि दोन-तीन वेळा झालं की माणूस कंटाळून जिथे आहे तिथेच ठेवतो. पट्टीची जागा अशी कंटाळ्याने ठरता कामा नये.

जोडीदाराला बेसलाइनजवळ उभं करा. तुम्ही किचनच्या रेषेवर. त्याने मध्यम वेगाचे ड्राइव्ह मारायचे, तुम्ही फक्त ब्लॉक करायचे. मूठ सैल ठेवा. ती आवळून धरली तर कोणतंही पॅडल स्थिर वाटेल आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. काही चेंडू मुद्दाम कडेच्या बाजूला घ्या आणि दोनच गोष्टी पाहा: पॅडल किती फिरलं आणि चेंडू किचनमध्ये पडला की पुढे गेला. चेंडू सगळे एकाच प्रकारचे हवेत. २६ भोकांचा इनडोअर आणि ४० भोकांचा आउटडोअर चेंडू पॅडलवर वेगवेगळे लागतात. ते मिसळले तर फरक पट्टीचा की चेंडूचा, हे कळणारच नाही.

दुसरी चाचणी बहुतेक जण टाळतात, पण माझा खरा विश्वास तिच्यावर आहे. नवी वस्तू लावली की पहिल्या दिवशी सगळंच छान वाटतं. म्हणून बांधाबांध जोडीदाराला करू द्या. कधी त्याने टेपखाली वजन ठेवावं, कधी तेवढ्याच लांबीचा पुठ्ठ्याचा तुकडा, आणि तुम्हाला सांगू नये. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि चार ग्रॅमचा फरक नुसतं हातात धरून ओळखणं कठीण असतं. तुम्हाला चांगली वाटलेली बांधणी खरोखर वजनाचीच निघते का, ते पाहा. निघत नसेल तर एकेका बाजूला एक ग्रॅम वाढवा आणि पुन्हा खेळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, जागा तरी किंवा वजन तरी.

निकाल खेळाच्या शेवटी लावा, सुरुवातीला नाही. ताज्या हाताला सगळंच पेलतं. दीड तास खेळून झाल्यावरही पॅडल वेळेत वर येत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत नसेल, तर वजन बरोबर आहे. हौशी खेळाडूने एकूण १० ग्रॅमच्या वर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तेवढ्यानेही पिरगळणं थांबलं नाही तर चेंडू गाठण्याच्या पायाच्या हालचाली सुधारायला हव्यात. तिथे टेप उपयोगी पडत नाही.

चिकटवणं

जागेवर पेन्सिलीने खूण करा, कड स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या, कागद काढून तुकडा लावा आणि अंगठ्याने दाबत हवा बाहेर काढा. पॅडलला कडेची पट्टी असेल तर टेप तिच्यावर बसते, नसेल तर थेट कडेवर. वरून संरक्षक एज टेप लावा. पॅडल जमिनीला घासलं की उघडी पट्टी फाटते, आणि शिशाची असेल तर तिचे कण हाताला लागतात.

मे महिन्यात पॅडल गाडीत ठेवून जाऊ नका. बंद गाडीतल्या उष्णतेने डिंक मऊ होतो आणि पट्टी हळूहळू सरकते. एका बाजूची पट्टी दोन बोटं खाली आली तरी ब्लॉक वाकडे जायला लागतात आणि माणूस दोष स्वतःच्या हाताला देत बसतो. पावसाळ्यात दमट हवेने टोकं सुटतात. सुटलेली टोकं कापा आणि वरची एज टेप नव्याने लावा.

अजून एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुठीवर नवी ओव्हरग्रिप गुंडाळली की खालच्या बाजूला पाचेक ग्रॅम वाढतात आणि पॅडलचा तोल मुठीकडे सरकतो. जुनी न काढता वर दुसरी गुंडाळली तर आणखीच. म्हणून आधी ओव्हरग्रिप, मगच पट्टीची चाचणी. सगळं मनासारखं जमलं की पॅडल काट्यावर ठेवून एकूण वजन, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि मुठीच्या तळापासूनचं त्याचं अंतर लिहून ठेवा. पॅडल फुटलं आणि त्याच प्रकारचं दुसरं घेतलं, तरी त्याचं मूळ वजन काही ग्रॅमनी वेगळं निघू शकतं. तेव्हा जुने तुकडे डोळे मिटून लावू नका. आधी नवं पॅडल जोखा आणि २-२ ग्रॅमपासून पुन्हा चाचणी घ्या.