‘पिक्यूलिअर’ कसा वापरावा: आधी ‘टू’ शोधा

इंदूरला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने शहरावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. त्यात होतं, ‘इंदौरी पोहा इज पिक्यूलिअर.’ तिला म्हणायचं होतं, हे पोहे खास आमचे. वाचणाऱ्याला वाटलं असतं, हे पोहे काहीतरीच लागतात. चूक एका ‘टू’ची होती.

म्हणून पहिली पायरी: शब्दाच्या पुढे ‘टू’ आहे का बघा. असेल तर अर्थ ‘फक्त त्याचंच, इतरत्र न आढळणारं’. पोह्यांवर जिरावण हा मसाला भुरभुरण्याची सवय ‘पिक्यूलिअर टू माळवा’ म्हटली, तर त्यात नावं ठेवणं अजिबात नाही. मूळ अर्थ हाच. लॅटिनमध्ये ‘पेकू’ म्हणजे गुरंढोरं. त्यावरून ‘पेक्युलियम’, म्हणजे रोमन कायद्यात घरचा कर्ता मुलाला किंवा गुलामाला वेगळी बाळगू देई ती मालमत्ता. पशुधन, गोधन म्हणणाऱ्या आपल्याला गुरांवरून मालमत्तेकडे जायला वेळ लागत नाही. पुढे ‘स्वतःचं’चं ‘इतरांसारखं नसलेलं’ झालं आणि त्याचं ‘चमत्कारिक’. लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबी हे चर्च 1560 पासून ‘रॉयल पिक्यूलिअर’ आहे: बिशपच्या नव्हे, थेट राजसत्तेच्या अखत्यारीतलं. तिथे जुना अर्थ जसाच्या तसा टिकलाय.

‘टू’ नसेल तर बहुधा दुसरा अर्थ. इथे सरसकट ‘विचित्र’ लिहू नका, तो फार जोरकस पडतो. डबा उघडल्यावर येणारा ‘पिक्यूलिअर स्मेल’ म्हणजे ‘कसलातरीच वास’. ‘आय फील पिक्यूलिअर’ म्हणजे ‘मला कसंतरीच होतंय’. हा ‘कसंतरीच’ मला फार आवडतो. नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण खटकतंय, एवढं सगळं त्यात येतं.

माणसाबद्दल मात्र जपून. शिफारसपत्रात कुणाचे गुण ‘पिक्यूलिअर’ लिहिलेत तर त्याचं नुकसान कराल. तिथे ‘स्पेशल’ किंवा ‘युनिक’ लिहा. उच्चारात जोर ‘क्यू’वर.

शंका आली की वाक्यात ‘खास अमक्याचंच’ घालून बघा, मग ‘कसंतरीच’. जे बसेल तो अर्थ. त्या मुलीने असंच केलं आणि वाक्य बदललं: ‘पोहा विथ जिरावण इज पिक्यूलिअर टू अवर पार्ट ऑफ द कंट्री.’