लेगोचा पोलाद कारखाना कसा डिझाइन करायचा: आधी केशरी, मग राखाडी

माझी पहिली लेगोची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढणारी उंच भट्टी, ज्वालामुखीसारखी दिसायची. वरच्या तोंडातून पारदर्शक केशरी तुकडे बाहेर आलेत, कडेने लाल, आणि मी स्वतःवरच खूश. चवथीला काका घरी आले, त्यांनी भट्टीवर बरीच वर्षं नोकरी केलीय, त्यांनी मॉडेलकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, भट्टीच्या तोंडातून असा जाळ दिसला असता ना, तर आम्ही सगळे पळत सुटलो असतो." भट्टीचं तोंड वरून बंद असतं, आतला गॅस दाबाखाली असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि तो फुकट न घालवता पाइपांनी खाली आणून इंधन म्हणून जाळतात. म्हणजे बाहेरून भट्टी हा नुसता काळा-राखाडी, गंजलेला, पाइपांनी वेढलेला डोंगर.

तेव्हापासून माझी पद्धत अशी की वितळलेलं लोखंड खरोखर डोळ्याला कुठे दिसतं ते आधी ठरवायचं, तेवढ्याच जागी केशरी लावायचं, आणि उरलेलं सगळं त्याभोवती बांधायचं.

आधी कागद, ठोकळे नंतर

कागदावर डावीकडून उजवीकडे लोखंडाचा रस्ता काढा. खनिज, कोक (भाजलेला कोळसा) आणि चुनखडी भट्टीत वरून पडतात. खालून गरम हवा मारतात. तळाशी लोखंड आणि त्याच्यावर स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, जमतो. भोक पाडून लोखंड बाहेर काढतात, ते चरातून वाहत टॉर्पेडो नावाच्या लांबुळक्या डब्यात पडतं, रेल्वेवरून कन्व्हर्टरपर्यंत जातं, तिथे ऑक्सिजन मारून त्यातला कार्बन जाळतात, तयार झालेलं पोलाद लॅडलमध्ये (मोठी बादली), तिथून कास्टरमध्ये (पोलाद ओतून घट्ट करणारं यंत्र), आणि शेवटी लांब स्लॅब, म्हणजे पोलादाची जाड लादी, बाहेर. भट्टीतून निघालेल्या लोखंडात साधारण ४ टक्के कार्बन असतो, पोलादात बहुतेक वेळा १ टक्क्याच्याही खाली. कारखान्याचा सगळा खटाटोप या फरकासाठी आहे, त्यामुळे मॉडेलमध्ये कन्व्हर्टर नसेल तर त्याला पोलाद कारखाना म्हणू नका, लोखंडाचा म्हणा.

आपल्याकडे गोव्यात आमोण्याला जे बनतं ते पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड. खांडोळ्याच्या पुलावरून जाताना त्या बाजूला एकदा नीट बघा, पण गेटजवळ मोबाइल काढून फोटो मारत बसू नका, सिक्युरिटीवाले विचारतात आणि ते बरोबरच आहे. कन्व्हर्टरचा भाग गोव्यात बघायला मिळणार नाही, त्यासाठी राउरकेला, भिलाई, जमशेदपूर यांचे फोटो शोधा. मुरगावला उतरलेला कोळसा भरून कुळ्याच्या घाटातून ज्या गाड्या वर जातात ना, त्या कर्नाटकात तोरणगल्लूच्या कारखान्याकडेही जातात, त्या कारखान्याचेही फोटो बघा.

कागदावरचा रस्ता काढून झाला की त्यावर लोखंड उघडं दिसणाऱ्या जागी केशरी पेनाने गोल करा. माझ्या हिशेबाने चार होतात: भट्टीच्या पायथ्याचा चर, कन्व्हर्टरमध्ये ओततानाचं तोंड, पोलाद लॅडलमध्ये पडतानाची धार, आणि कास्टरमधून बाहेर येणारा स्लॅब. चारही दाखवायलाच पाहिजेत असं नाही. दोनच घेतले तर मॉडेल उलट जास्त चांगलं दिसतं.

स्केल, इथे बहुतेकजण फसतात

लेगोची माणसं घालायची हौस सगळ्यांनाच असते. पण हिशेब करून बघा. लेगोचा माणूस साधारण ४ सेंटिमीटर, म्हणजे स्केल अंदाजे १:४२. मोठ्या ब्लास्ट फर्नेसचा सगळा सांगाडा ८० मीटर धरला तर या स्केलला तो १९० सेंटिमीटर होतो, तुमच्यापेक्षा उंच, आणि तो ठेवायचा कुठे, फ्रिजवर?

मी १:२०० घेतो. लेगोमध्ये एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत (आम्ही स्टड म्हणतो) ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, आणि पातळ प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक वीट. १:२०० ला एक स्टड म्हणजे १.६ मीटर आणि एक वीट म्हणजे जवळपास १.९ मीटर, म्हणजे माणूस एका विटेहून थोडा कमी. ८० मीटरची भट्टी ४० सेंटिमीटर होते, ती टेबलावर बसते. ४८ बाय ४८ स्टडची बेसप्लेट (खालचा सपाट पाया) ३८.४ सेंटिमीटर असते, ती या स्केलला सुमारे ७७ मीटर झाली. खरा कारखाना किलोमीटरमध्ये पसरलेला असतो, दोन किलोमीटर म्हणजे या स्केलला दहा मीटर, म्हणून मधली अंतरं खुशाल खायची. यंत्रांची मापं पाळायची, त्यांच्यामधली रिकामी जागा मात्र नाही पाळायची.

अजून एक गोष्ट आत्ताच ठरवा, मॉडेल कुठल्या बाजूने बघणार. गणपतीच्या मखराला मागची बाजू नसते, तसंच इथे करा, मागे उघडं सोडा, तेवढे ठोकळे वाचतात आणि आतली लाइट लावायलाही जागा मिळते.

भट्टी आणि तिचे पाइप

भट्टीचा आकार नुसता नळकांडं नसतो, हे नीट समजून घ्या म्हणजे मॉडेल लगेच खरं वाटतं. तळाचा भाग जरा अरुंद, वर जाताना थोडा रुंद होतो, मग पोट, आणि पोटापासून वर परत निमुळता. कारण वरून पडलेला माल खाली सरकत गरम होताना फुगतो म्हणून त्याला जागा लागते, आणि पोटाखाली तो वितळायला लागला की आकारमान कमी होतं. १:२०० ला तळ सहा ते आठ स्टड रुंद धरा, पोट त्याहून एक-दोन स्टड जास्त. गोल तुकडे मिळाले तर मस्त, नाहीतर उताराच्या विटांनी अष्टकोन करा, लांबून गोलच दिसतो.

भट्टीच्या शेजारी स्टोव्ह, म्हणजे उंच घुमटवाले सिलिंडर, तीन किंवा चार. त्यांच्या आत विटांची जाळी असते, आधी गॅस जाळून ती तापवतात आणि मग तिच्यातून हवा सोडतात, ती हजार अंशाच्या वर तापून भट्टीत जाते. एक स्टोव्ह हवा देत असतो तेव्हा बाकीचे तापत असतात, म्हणूनच एकटा स्टोव्ह दाखवला की जाणकार माणूस हसतो. ४० मीटरचा स्टोव्ह म्हणजे आपल्याकडे २० सेंटिमीटर, साधारण २१ विटा, ४ बाय ४ च्या गोल विटा एकावर एक आणि डोक्यावर अर्धगोल. हे काम सगळ्यात सोपं, मुलं घरात असतील तर त्यांना द्या.

पाइपांवर मात्र वेळ घालवा, मॉडेल पाइपांनीच ओळखू येतं. स्टोव्हकडून येणारा जाड पाइप भट्टीच्या कमरेला कंकणासारखा वळसा घालतो आणि त्यातून छोट्या नळ्या आत शिरतात. भट्टीच्या डोक्यावरून चार पाइप वर निघतात, एकत्र येतात, आणि तिथून एक जाडजूड तिरका पाइप खाली धूळ पकडणाऱ्या टाकीत उतरतो. हा तिरका पाइप नसेल तर लोक "ही पाण्याची टाकी का?" विचारतात, मला विचारलंय.

तिरक्या वस्तू लेगोत चौकटीत बसत नाहीत असं वाटतं, पण शाळेतला पायथागोरस इथे उपयोगी पडतो. ३-४-५ चा त्रिकोण टेक्निकच्या (लेगोच्याच, भोकं असलेल्या) पट्ट्यांनी केला तर भोकं अचूक जुळतात, फक्त मोजताना भोकांमधली अंतरं मोजायची, भोकं नाही, म्हणजे ४, ५ आणि ६ भोकांच्या पट्ट्या. मी पहिल्यांदा ३, ४, ५ भोकांच्या घेतल्या आणि अर्धा रविवार डोकं धरून बसलो. या त्रिकोणाचा एक कोन ५३ अंशाचा येतो, तो माल वर ओढणाऱ्या तिरक्या पुलाला छान शोभतो. कन्व्हेयर बेल्ट लावणार असाल तर तो इतका उभा चालणार नाही, माल घरंगळून खाली येईल, बेल्ट मंद चढाचा आणि म्हणून खूप लांब असतो. जागा कमी असेल तर पूल घ्या.

कन्व्हर्टर

मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. ऑक्सिजन वरून मारायची ही पद्धत १९५२ मध्ये ऑस्ट्रियात लिंझला आणि १९५३ मध्ये डोनाविट्झला सुरू झाली, दोन्ही गावांच्या आद्याक्षरांवरून तिला एलडी म्हणतात, आणि भारतात ती आधी राउरकेलाला आली. भांडं पेरूसारखं, वर निमुळतं. ते दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर पुढे-मागे कलतं. एका बाजूला कलवून आधी भंगार आणि मग वितळलेलं लोखंड घालतात, सरळ उभं करून वरून ऑक्सिजनचा पाइप आत सोडतात, १५-२० मिनिटं मारतात, आणि दुसऱ्या बाजूला कलवून पोलाद काढतात. म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळी जागा पाहिजे, एका बाजूला ओतणारी क्रेन आणि दुसरीकडे खाली लॅडल. बरीच मॉडेल्स भांडं भिंतीला चिकटवून ठेवतात, मग ते कलणार कुठे?

भांडं ४ स्टड रुंद आणि चार-पाच विटा उंच ठेवा, मधून आडवा टेक्निकचा अ‍ॅक्सल घाला, दोन्हीकडे खांब. अ‍ॅक्सल भांड्याच्या बरोबर मध्यावर नको, वजनाचा मध्य त्याच्या किंचित खाली राहिला पाहिजे म्हणजे हात सोडला की भांडं आपोआप सरळ होतं. इमारतीची समोरची भिंत घालूच नका, फक्त खांब, छत, आणि भांड्यावर धूर ओढणारा मोठा राखाडी हूड.

कास्टरमध्ये पोलाद वरून खाली येत वळतं, पण वळण पाण्याच्या फवाऱ्यांमध्ये लपलेलं असतं, त्यामुळे ते बांधत बसायची गरज नाही. बंद खोली करा, एका टोकाला स्लॅब बाहेर काढा, झालं.

केशरी कसं लावायचं

लोखंड बाहेर येतं तेव्हा १५०० अंशाच्या आसपास असतं आणि सरसकट केशरी दिसत नाही. भोकाजवळ पिवळं, जवळपास पांढरं, पुढे फिकं केशरी, मग केशरी. स्लॅब तर दूरच्या टोकाला गडद लाल. हा उतार चार-पाच तुकड्यांत दाखवता येतो. चरात मध्ये एक बांध असतो, लोखंड जड म्हणून त्याच्या खालून जातं आणि वर तरंगणारा स्लॅग बाजूच्या चरात वळतो, तर चर दोन फाट्यांचा करा. पारदर्शक केशरीच्या खाली पिवळी प्लेट ठेवली की लाइट नसतानाही चमकतं. लाइट घालायची असेल तर छोटी पिवळसर एलईडी पुरते, निळसर पांढरी नको, तिने सगळं केमिस्टच्या दुकानासारखं दिसतं.

बाकी रंगात गडद राखाडी, काळा, आणि तपकिरी. खनिजाच्या ढिगाऱ्याजवळ लालसर तपकिरी सढळ हाताने वापरा, डिचोली-साखळीच्या रस्त्यावर ट्रक धावायचे तेव्हा झाडांची पानं कुठल्या रंगाची व्हायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

बांधण्याआधी कंप्युटरवर

ब्रिकलिंक स्टुडिओ हे लेगो डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पूर्ण मॉडेल आधी उभं करा. कुठले तुकडे किती लागतात त्याची यादी निघते आणि एखादा तुकडा त्या रंगात बनतच नसेल तर तेही कळतं. ऑर्डर त्यानंतरच, कारण बाहेरून मागवलं की पार्सलवर कस्टम वगैरे धरून बिल फुगतं. आतले, न दिसणारे ठोकळे घरात पडलेल्या कुठल्याही रंगाचे चालतात, माझ्या भट्टीच्या पोटात गुलाबी आणि पोपटी आहे.

सांगाडा मजबूत करा. नरकासुर करणारी पोरं आधी लोखंडी फ्रेम उभी करतात आणि कागद नंतर चिकटवतात, तसंच भट्टीच्या आत टेक्निकच्या पट्ट्यांचा उभा खांब, बाहेरचं कवच त्याला पिनांनी जोडलेलं. माझ्या दुसऱ्या भट्टीला खांब नव्हता, वर पाइपांचं वजन, खाली पोकळ, पंखा फुल स्पीडवर, आणि मी जेवत होतो.

मॉडेल तीन भागांत तुटेल असं डिझाइन करा: भट्टी आणि स्टोव्ह, मधली रेल्वे, कन्व्हर्टर आणि कास्टर. प्रत्येक भाग पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून स्कूटरच्या पुढच्या फळीवर राहिला पाहिजे, हे माप मी खरोखर टेप लावून घेतो. ठेवताना खिडकीच्या उन्हात नको, पांढरे आणि फिके राखाडी ठोकळे पिवळे पडतात. पावसाळ्यात एलईडीची बॅटरी काढून ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत तिचे पत्रे गंजतात, आणि मग कारखान्यात खरा गंज फक्त तेवढाच असतो.