टांगत्या कुंड्यांना ठिबक जोडताना

गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरणार असाल, तर ठरल्या वेळी पाणी सोडणारा टायमर घेताना आत बॉल व्हॉल्व्ह (भोक असलेला गोळा फिरून उघडणारी झडप) आहे ना, हे आवर्जून विचारा. सोलेनॉइडच्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेच्या) बऱ्याच टायमरना पाण्याचा दाब लागतो. टाकीच्या पाण्यावर ते नीट उघडत नाहीत. पुढे फिल्टर, १६ मिमीची मुख्य नळी, प्रत्येक कुंडीला ४ मिमीची बारीक नळी. ती कनेक्टरवर चढत नसेल तर टोक क्षणभर गरम पाण्यात बुडवा.

टांगत्या कुंड्यांना चहूबाजूंनी वारा लागतो, म्हणून त्या लवकर सुकतात आणि उंचीमुळे त्यांना पाणीही कमी पोचतं. त्यांना ताशी ४ लिटरचा ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड) लावा, खालच्यांना २ लिटरचा. मग १० मिनिटं ड्रिपरखाली भांडं ठेवून मोजा. २ लिटरवाल्यातून साधारण ३३० मिली यायला हवं. कमी आलं तर वेळ वाढवा.